पाणी तोडलं ते दिवस

मोगऱ्याचं पाणी तोडलं की आठ-दहा दिवसांत आमची वाडी अशी निपचित होते, की परक्याला वाटावं मालक गाव सोडून गेले. मोटार बंद, पाट कोरडे, पानं आधी मलूल, मग पिवळी, मग गळायला लागलेली. सकाळी दवाने काळी पडलेली माती दुपारपर्यंत पुन्हा पांढरी होते. बाबा म्हणायचे, या दिवसांत झाडाकडे बघायचं नाही. बघितलं की दया येते आणि दया आली की हात पाण्याकडे जातो. महिनाभर असा ताण दिला की मग छाटणी, मग खत, मग पोटभर पाणी, आणि त्यानंतर जो मोगरा लागतो तो लाडाकोडात वाढवलेल्या झाडाला कधी लागत नाही. वसईच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये हे पोरांना कोणी शिकवत नाही, ती बघत बघतच मोठी होतात. मीही तशीच झाले, आणि तेच ज्ञान माझ्या हातून बाबांना बाधलं.

मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहते आणि शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. समजावून सांगणं हा माझा धंदा. अवघड गोष्ट पोरांच्या ओळखीच्या वस्तूला नेऊन टेकवली की ती सोपी होते, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा केलंय की आता जीभ आपणहून तिकडे वळते. नवरा म्हणतो, तू भाजीवाल्यालाही भाजी समजावून सांगशील. ते काही खोटं नाही.

बाबांच्या पोटात पाणी भरतंय हे आधी आईला कळलं, लेंग्याची नाडी पुरेना म्हणून. मग तपासण्या, सुया, सोनोग्राफी आणि शेवटी तो शब्द, सिरॉसिस. पडद्यावर दाखवलेलं त्यांचं यकृत मला कारल्याच्या सालीसारखं दिसलं, गाठीगाठींचं. गावात ज्याने त्याने परस्पर ठरवून टाकलं की म्हातारा चोरून घेत असणार. बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. मधुमेह जुना, जेवणानंतर गोड हवंच, आणि यकृतात चरबी साठत साठत वीस-पंचवीस वर्षांत त्याचं हे झालेलं. "दारू न पिता दारुड्याचा आजार," बाबा आईला म्हणाले, "प्यायलो असतो तर आठवायला तरी काय असतं." आई हसली नाही.

मुंबईच्या ज्या मोठ्या इस्पितळात आम्ही जायचो तिथल्या डॉक्टरबाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. त्या दिवशी बाबांना पोटातलं पाणी काढायला आत नेलं होतं आणि बाईंसमोर मी एकटीच बसले होते. त्या म्हणाल्या, इथे एक प्रयोग सुरू होतोय. काही रुग्णांच्या खराब यकृताचा लहानसा भाग दुर्बिणीतून कापून काढायचा, काहींचा जागच्या जागी गोठवायचा. सुईसारखी बारीक नळी आत जाते, तिच्या टोकाशी बर्फाचा गोळा धरतो आणि तेवढा भाग मरतो. कल्पना अशी, की अशी जखम झाली की उरलेलं यकृत जागं होतं आणि नव्याने वाढायला लागतं.

मग बोटांवर मोजत त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा प्रयोग आहे, उपचार नव्हे. दुसरी, फायदा होईलच असं नाही. इतकं थकलेलं यकृत ही जखम सोसतं का, हेच बघायचंय, आणि ते उलटूही शकतं. "आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची," त्या म्हणाल्या. "काकांचा खरा इलाज यकृत बदलणं हाच आहे. प्रयोगात आले काय, न आले काय, ते टळत नाही. वेळही फार नाही, वर्षभर मी धरून चालणार नाही. घरातलं कोणी आपल्या यकृताचा भाग देऊ शकेल का? देणाऱ्याचं यकृत पुन्हा वाढतं. तुमचा रक्तगट काय?"

आमचा रक्तगट एकच. आई सत्तरीला आलेली, मला ना भाऊ ना बहीण. तेव्हा प्रश्न "घरातलं कोणी" असा असला तरी तो मलाच होता. मला भीती वाटली. साधी, लहान मुलासारखी भीती, पोटावर कोणीतरी गार बोटाने रेघ ओढल्यासारखी. "विचार करते," मी म्हणाले. डॉक्टरबाईंनी माहितीचे कागद माझ्या हातात दिले, मराठीतले, चांगले आठ-दहा पानी. "काकांना नीट समजावून सांगा. पुढच्या खेपेला मी त्यांच्याशी स्वतः बोलेन."

समजावून सांगायला मला काय वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी ओटीवर बाबांजवळ बसले. समोर मोगऱ्याचे ताटवे अजून हिरवेगार होते, पाणी तोडायला आठवडा होता. मी म्हटलं, बाबा, हे आपल्या मोगऱ्याच्या छाटणीसारखंच आहे. जुनी फांदी मारली की बुंध्यातून नवी फूट येते ना? तसं ते यकृताचा एक तुकडा बर्फाने मारणार, मग बाकीचं फुटणार. बाबांचे डोळे असे लकाकले की मला स्वतःच्या शिकवण्याचा अभिमान वाटला. पहिली गोष्ट मी सांगितली. दुसरी पुटपुटले. तिसरी गिळून टाकली. कागद त्यांच्या उशाशी ठेवले आणि विरारला परत आले. माझ्या पोटावरची ती गार रेघ त्या रात्री नाहीशी झाली आणि मला छान झोप लागली.

नंतरचे तीन आठवडे सहामाहीच्या वह्यांमध्ये गेले. रोज फोन करायचे. बाबा म्हणायचे, मी मजेत हाय. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालेलं. त्यांनी जास्त काही विचारू नये म्हणून मीच लवकर फोन ठेवायचे.

मग तो शनिवार. अर्धी शाळा संपवून मी वाडीवर गेले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन्हीकडचे ताटवे पिवळे पडलेले, पायाखाली पानं चुरत होती आणि एवढ्या मोठ्या वाडीत एक आवाज नव्हता. बाबा ओटीवर उन्हात बसले होते, सदऱ्याची बटणं एकाआड एक लागलेली. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. "अक्का, आलीस?" म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

मी दुरुस्त करायला हवं होतं. पण त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मी नुसतीच जवळ बसले. त्यांनी हात लांब करून समोर दाखवलं, तिथे आता चार मजली इमारत आणि खाली गाड्या लावायची जागा आहे. "पानी बघ किती निवळ झालंय," म्हणाले. तिथे पूर्वी आमचं बावखल होतं, वाडीला पाणी देणारं तळं. मी लहान असताना ते बुजवलं. बाबांना मात्र ते दिसत होतं, काठावरचा आंबाही दिसत होता, आणि त्याच्या सावलीत पाण्यात पाय सोडून बसलेली दोन भावंडं. केळीचे घड शिडाच्या पडावात भरून खाडीतून कसे जायचे ते त्यांनी मला सांगितलं. शीड वर चढताना होणारा आवाज सांगितला. घरात कोणालाच ठाऊक नसलेला एक कुत्रा त्यांनी शीळ घालून बोलावला आणि तो आल्यासारखे मान खाली करून हसले. दाखवताना हात पुढे धरला की त्यांचा पंजा मध्येच गळून पडायचा, पुन्हा वर यायचा, पुन्हा गळायचा. मला तोही लाटांचाच अभिनय वाटला.

मी चटईवर आडवी झाले. ऊन अंगावर, कडेला बाबांचा संथ आवाज, मध्येच ते गप्प व्हायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने त्याच वाक्यात परत यायचे. मीही पेंगत होते. अर्धवट झोपेत मलाही ते पाणी दिसलं, हिरवट, थंड, आणि त्यात मी पाय बुडवले. इतकं सुख मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. विज्ञानाची शिक्षिका मी, रक्तातला अमोनिया मेंदूत चढला की माणूस असा होतो हे डॉक्टरबाईंनी छापून दिलेल्या कागदावर मी वाचलं होतं. आणि दोन तास मी त्या अमोनियाचं कौतुक ऐकत पडून होते.

आई मागच्या दारातून आली तेव्हा बाबा चष्म्याची काडी कपातल्या पाण्यात बुडवून ढवळत होते. आई दारातच थांबली. "तीन दिस असंच चाललंय," ती हळूच म्हणाली. "मना वाटलं जुन्या आठवनीत रमलेत."

"जेवतात का?"

"कुठे गो. डाळ बंद, दूध बंद. पानी म्हनशील तर सकाळी एक कप आन संध्याकाळी एक कप. बोलले, डाक्टरनेच सांगितलंय कमी प्यायला."

डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं. पाणी इतकं तोडायला कोणीच सांगितलं नव्हतं. मी औषधांचा डबा उघडला. पोट रोज साफ ठेवणारं ते गोड, घट्ट औषध, ज्याच्यावाचून विष रक्तात साठतं, त्याची बाटली तीन आठवड्यांत जेमतेम चार बोटं उतरली होती. मग माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. दरवर्षी बाबा पाणी तोडलेल्या दिवसापासून एकेका तारखेवर निळ्या पेनाने फुली मारतात, तशा फुल्या होत्या. यंदा प्रत्येक फुलीशेजारी एक छोटा गोलही होता. पहिल्या गोलाखाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: माझं पाणी, खत बंद.

मी छाटणी सांगितली होती, आणि मोगरा वाढवणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं की ताण दिल्याशिवाय छाटणी केली तर झाड फुटत नाही, नुसतं जखमी होतं. माझ्या दाखल्यात मी जे सोडलं होतं ते बाबांनी स्वतःच्या अक्कलहुशारीने पुरं केलं होतं. डाळ-दूध हे खत, औषध हेही खत. सगळं बंद.

रिक्षात ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसले होते आणि मला सांगत होते, अक्का, भरती येईल, लवकर घरी जाऊ. वसईतल्याच एका इस्पितळात त्यांना दाखल केलं. सलाइन, एनिमा, नळीतून ते गोड औषध. दोन दिवस ते बावखलाच्या काठावरच होते, फक्त आता बोलत नव्हते. डॉक्टर दर थोड्या वेळाने त्यांना हात पुढे करायला सांगायचे आणि पंजा गळाला की कागदावर काहीतरी लिहायचे. माझ्या मनात एकच होतं, मी यांना मारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं, मला माझ्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "आज कितवा दिवस?" त्यांना अजून ताणाचे दिवस मोजायचे होते. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा मुंबईला डॉक्टरबाईंसमोर बसलो, या वेळी तिघंही. त्यांनी सगळं ऐकलं. मोगऱ्याचं ऐकताना पेन खाली ठेवलं. मला वाटलं रागावतील, पण रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काका, असा झटका येऊन गेलेल्या माणसाला आम्ही प्रयोगात घेऊ शकत नाही. तुमचं नाव मला वगळावं लागेल. पण आला असतात तरी हा प्रयोगच होता. तो तुम्हाला वाचवेल असं मी कधीच म्हटलं नव्हतं. एवढं जिवावर उदार का झालात?"

बाबा बोटांनी टेबलाची कड चाचपत होते. "ह्या पोरीला सुईची लहानपनापासून भीती," ते म्हणाले. "शाळेत टोचायला आले की घरी पळून यायची. मी म्हटलं माझंच फुटलं तर बरं. तिला काय विचारू नका."

आई माझ्याकडे बघायला लागली, कारण आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या मुद्दाम कागद चाळत होत्या. मी बोलायची तीच वेळ होती. आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. घरी येईपर्यंत धरून बसले.

दोन दिवस मी शाळेत दाखला-उदाहरण न देता शिकवलं. पोरांना काही समजलं नाही. तिसऱ्या दिवशी रजा टाकून वाडीवर गेले. बाबा ओटीवर होते, हातात पाण्याचा तांब्या, आता तासातासाला घोट घ्यायची सक्ती होती आणि आई आतून लक्ष ठेवून होती. छाटणीला माणसं लागली होती, कात्र्यांचा कचकच आवाज येत होता. मी त्यांच्यासमोर खालीच बसले.

"बाबा, त्या दिवशी डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मी तुम्हाला दोनच सांगितल्या. तिसरी मी लपवली."

"ठाऊक हाय."

"कसं कळलं तुम्हाला?"

"कागद ठेवून गेलीस ना उशाशी. त्याच रात्री वाचले. खताच्या गोणीवरचं बारीक अक्षर वाचनारा मानूस मी, ते तर मोठ्या टायपात व्हतं." त्यांनी एक घोट घेतला. "पाचव्या पानावर लिवलंय. घरातल्याने दिलं तर जगतो."

कात्र्या चालूच होत्या. मला वाटलं ते आता माझी समजूत घालतील, काही हरकत नाही म्हणतील. मी तशी वाटही बघत होते.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "त्याच दिवशी मला फोन करून..."

"बापाने कसं मागायचं, बाय?" ते म्हणाले. "मी मनाशी बोललो, ती सोता बोलेल. रोज फोन वाजला की वाटायचं, आज बोलेल. तू ठेवून द्यायचीस. मग म्हटलं भीत असेल, भिऊ दे, आपन आपलं बघू. म्हनून पानी तोडलं." मग अगदी हळू, जमिनीकडे बघत म्हणाले, "मना मरायचं नव्हतं गो."

डॉक्टरबाईंकडून आल्यापासून मी त्यांना माझ्यासाठी त्याग करणारा बाप समजून आतल्या आत रडत होते, आणि त्यातही माझी सोयच होती. त्यागाला नमस्कार केला की भागतं. समोर बसलेला माणूस तसा नव्हताच. त्याला जगायचं होतं, रोज त्या फोनची वाट बघत होता, आणि वाट बघून बघून शेवटी त्याने स्वतःला तहानलेलं ठेवलं होतं.

"मला अजून भीती वाटते," मी म्हणाले. "खूप वाटते. आधी तपासण्या होतील, माझं यकृत चालतंय का बघतील, कदाचित नाहीही चालणार. पण चाललं तर तुम्ही घ्याल का? नको म्हणू नका."

आई आतून दाराशी येऊन उभी राहिली होती. बाबांनी तांब्या खाली ठेवला. माझ्या शिक्षणाला, माझ्या लग्नाला, माझ्या घराला या माणसाने आयुष्यभर दिलंच होतं, घेताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले, उताणे, आणि ते आता गळत नव्हते.

"दे," म्हणाले.